आहेर, भाडं आणि सुभेदारांची शिडाची नाव

"केळकर, आहेर म्हणजे भाडं होतं का?"

साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं. सांगलीच्या आमच्या ऑफिसात मी नुकताच डबा उघडला होता. हातातली चपाती तशीच ठेवून मी म्हणालो, "लग्नातला आहेर?"

"मग काय मुंजीतला? लग्नातलाच. हा तरीचा ठेकेदार लिहितोय, की पलीकडच्या सुभेदारानं स्वतःची शिडाची नाव घेतलीय, तीतून तो परवा मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड आणणार आहे आणि वऱ्हाडाकडून आहेर घेणार आहे. म्हणजे भाडं घेतलं. म्हणजे ती प्रवासी नाव. म्हणजे विनापरवाना धंदा. जा आणि बघून या."

हे सत्तरच्या दशकातलं, आणीबाणीच्या आधीचं. कृष्णेवर तेव्हा आजच्यासारखे ठिकठिकाणी पूल नव्हते. गावोगावी तर चालायची. तर म्हणजे माणसं, सायकली, शेरडं, वैरणीचे भारे असं सगळं या काठावरून त्या काठाला नेणारी मोठी नाव. तिचा ठेका दिला जायचा आणि ती नाव पाण्यात राहायच्या लायकीची आहे की नाही, हे दरवर्षी मी तपासायचो. लोक मला 'नावेचा डॉक्टर' म्हणायचे. माझे पेशंट लाकडाचे असल्यामुळे तक्रार करत नसत. तक्रार त्यांचे मालक करत.

खासगी नावेला मात्र परवाना लागत नसे. तुमची नाव, तुमची हौस, तुम्ही बसा. तिच्यातून दुसरं कुणी भाडं देऊन बसलं, की नियम सुरू. पण भाडं न देता पाहुणे म्हणून बसले तर? तिथं नियम जरा गुळमुळीत व्हायचे. सातारा-सांगलीकडे 'पाहुणा' हा शब्द कुणाकुणाला लागू होतो, हे ज्याला माहीत आहे त्याला माझी पंचाईत कळेल. आमच्याकडे अख्खा तालुका एकमेकांचा पाहुणा असतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्या गावात पोचलो. सुभेदार घाटावरच उभे होते. फौजेतल्या इंजिनिअर पलटणीतून रिटायर होऊन आलेले, पाठ अजून ताठ, मिशा त्याहून ताठ. नोकरीत असताना कुठल्याशा फौजी क्लबात शीड चालवायला शिकले होते. क्लबाची जुनी नाव निकालात निघाली, ती त्यांनी घेतली आणि ट्रकवर घालून उसाच्या फडांमधून गावात आणली. ट्रक गावात शिरला तेव्हा लोकांना वाटलं, सुभेदारांनी उसाचा रस उकळायची काहील आणली.

"या साहेब. ही बगा आमची राधा."

नावेवर पांढऱ्या अक्षरात 'राधा' लिहिलं होतं. मागून एक बाई लुगड्याचा पदर सावरत आल्या. त्यांनी हात जोडले. "मी बी राधाच. यांनी माझं नाव त्या लाकडाला दिलं. मी म्हनलं, आवं, माझ्या नावावर मानसं बुडवू नगा."

"बुडंल कशी?" सुभेदार म्हणाले. "आर्मीची नाव हाय."

"आर्मीवालं बुडत न्हाईत व्हय?" वहिनी म्हणाल्या.

मला त्या बाई तेव्हाच आवडल्या.

प्रकरण असं होतं. सुभेदारांची एकुलती लेक, कमल. नवरदेवाचं गाव बरोबर समोरच्या काठाला. वऱ्हाड काही तरीतून येणार होतं. पण नवरदेव आणि मानकरी यांना शिडाच्या नावेतून वाजतगाजत आणायचं, असं सुभेदारांनी सुपारी फुटली तेव्हाच कबूल केलं होतं. पलीकडच्या गावात त्याची दवंडी पिटायचीच तेवढी बाकी होती. आता मी नाव बंद केली असती, तर मुलीच्या बापानं शब्द मोडला असं झालं असतं. नवरदेवाचे वडील दादासाहेब मोठे बागायतदार होते आणि रुसण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मागच्या वर्षी एका लग्नात पानात पापड उशिरा आला म्हणून ते उठून गेले होते. तेव्हा ते नुसते पाहुणे होते. आता तर ते वरबाप होते.

"मोडंल हो सोयरीक," वहिनी हळूच म्हणाल्या. "पोरगी दोन दिवस धड जेवली न्हाई."

मी घसा खाकरून कायद्याकडे वळलो. "सुभेदार, परवाना लागत नाही हे खरं. पण लायबिलिटी राहते." लायबिलिटी म्हणजे अपघात झाल्यावर लोकांनी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते. "नावेत तुम्ही बोलावलेला माणूस बसला, की तो तुमच्या भरवशावर बसला. भाडं घेतलं नाही म्हणून तुमची सुटका होत नाही."

"पाव्हण्याची कसली लायबिलिटी, साहेब? पाव्हणा म्हंजी घरचा मानूस."

"समजा, तुम्ही पाहुण्यांना जेवायला बोलावलं. बासुंदी नासकी निघाली. सगळे आजारी पडले. तुम्ही म्हणाल का, की पैसे घेतले नव्हते, तेव्हा जबाबदारी तुमची तुम्ही बघा?"

वहिनींनी आचाऱ्याच्या दिशेनं एकदा काळजीनं पाहिलं. बहुधा दूध कालचं होतं.

मग मी तपासणीला लागलो. नाव चांगली होती. लाकूड दणकट, सांधे डांबरानं भरलेले, शीड जुनं पण ठिगळं नीट लावलेलं. प्रश्न किती माणसं बसवायची याचा होता. नाव किती बुडते यापेक्षा किती वर राहते हे महत्त्वाचं. पाण्यापासून नावेच्या काठापर्यंतचं अंतर, त्याला फ्रीबोर्ड म्हणतात. आम्ही नावेच्या अंगावर पांढरा पट्टा ओढायचो. पाणी पट्ट्याला लागलं, की बस्स, आणखी माणूस नाही. पट्टा कुठं ओढायचा हे ठरवायला माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरून बघायची. तिथं रिकामी पोती नव्हती, कारण सगळी पोती मांडवात बसायला अंथरली होती. पण लग्नघर होतं. गुळाच्या ढेपांची थप्पी लागली होती.

"दोन ढेपा म्हणजे एक माणूस," मी जाहीर केलं.

"आमचं इवाई तीन ढेपांचं हायती," सुभेदार म्हणाले.

ढेपा चढल्या. बघायला गाव जमलं. सोळाव्या ढेपेला पाणी माझ्या मनातल्या रेघेशी आलं. मी हात वर केला. "आठ माणसं. तुम्ही धरून."

"आठ?" सुभेदारांचा चेहरा पडला. "साहेब, मानकरीच तेरा हायती. त्यातला कोन सोडू? मामाला सोडलं तर मामा रुसनार. चुलत्याला सोडलं तर चुलता. आत्याबाईस्नी सोडलं तर मग लगीनच सोडायचं."

"दोन खेपा करा."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पाहुण्यांना दुसऱ्या पंगतीला बसवा म्हणालो. आणि खरं तर तेच म्हणत होतो. दुसऱ्या खेपेला थांबायचं ते कुणी?

दुसरी गोष्ट, तरंगायचं साधन. नियमात बोयी लागत. बोयी म्हणजे गळ्यात अडकवायचं हवेचं किंवा बुचाचं कडं. इथं ती कुठून आणणार? पण नदीकाठची पोरं वाळलेल्या भोपळ्यांवर पोहायला शिकतात. मी म्हणालो, भोपळे आणा, दोरीत ओवा, नावेच्या दोन्ही काठांना बांधा. वहिनींनी नुसते बांधले नाहीत. मधे मधे आंब्याचे डहाळे आणि झेंडू लावले. माझं जीवरक्षक साधन तोरण होऊन बसलं.

तिसरी गोष्ट बूम. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेताना हा दांडा नावेवरून सपकन फिरतो. त्याच्या वाटेत डोकं असेल, तर दांडा थांबत नाही. म्हणून चालवणारा ओरडतो आणि बसलेले वाकतात. एवढं साधं आहे.

"तुम्ही काय ओरडता?" मी विचारलं.

"'वाका!' आनखी काय?"

तिथं माझ्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. मी म्हणालो, "सुभेदार, उद्या मुलीचा बाप मुलाकडच्यांना 'वाका' म्हणून ओरडणार आहे. हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनी सांगितलं नव्हतं.

निघताना वहिनींनी मला गाठलं. "साहेब, तुमी सवता बसनार असाल तरच नाव सोडा. न्हाईतर मीच दोरी कापते." आता दुसऱ्यांना पास करणाऱ्यानं स्वतः बसायला नाही कसं म्हणायचं? मी वाईचा, घाटावर पोहायला शिकलेला, पण ऑफिसचे बूट घालून कधी पोहलो नव्हतो. मी हो म्हणालो आणि रात्री अंथरुणावर हिशेब केला. सुभेदार एक, मी एक, उरले सहा. मानकऱ्यांचा प्रश्न मी आणखी अवघड करून ठेवला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी सुभेदार आणि मी नाव घेऊन पलीकडच्या काठाला गेलो. तिथं बँड वाजत होता. मानकरी नावेपाशी आले. फेटे असे, की प्रत्येकाची उंची वीतभर वाढलेली. सगळ्यांत पुढे दादासाहेब. गुलाबी फेटा, त्याचा तुरा आभाळाला टेकायला निघालेला. सुभेदारांनी मला पुढं ढकललं. "साहेब सांगत्यात," ते म्हणाले आणि सुकाणूपाशी जाऊन बसले. फौजेत राहून माणूस माघार घ्यायलाही शिकतो.

"मंडळी, नावेत सहाच जणांना जागा आहे," मी सुरुवात केली.

"कोन म्हनतो?" दादासाहेब.

"गुळाच्या ढेपा," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

कुरकुर सुरू झाली. मामा चुलत्याकडे बघायला लागला, चुलता दादासाहेबांच्या जावयाकडे. एक शब्द जास्त झाला असता, तर बँडासकट सगळे माघारी गेले असते. मग मला बूम आठवला. मी आवाज चढवला. "आणि नियम असा आहे, की नावेत बसणाऱ्यानं मालकाचा हुकूम मानायचा. सुभेदार 'वाका' म्हणाले, की वाकायचं. सगळ्यांनी. जो वाकणार नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर. सर्वांसमक्ष सांगतो."

सगळे फेटे एकदम माझ्याकडे वळले.

"पोरीच्या बापाम्होरं?" आत्याबाईंनी विचारलं. "आमी? मी माझ्या सासऱ्याम्होरं वाकले, त्येच्या मागनं कुनाम्होरं न्हाई. मी तरीतनं येते."

"मी बी," चुलता म्हणाला.

"मलाबी पाठीचं दुखनं हाय," जावई म्हणाले.

बघता बघता मानकरी गळायला लागले. काल ज्यांना वगळता येत नव्हतं, ते आज आपणहून वगळून घेत होते आणि वर मान राखल्याच्या तोऱ्यात तरीकडे चालले होते. तरीच्या ठेकेदाराला चांगली गिऱ्हाइकं मिळाली. तो मला लांबून रामराम करत होता. शेवटी नवरदेव, करवली, मामा आणि नवरदेवाचे दोन मित्र उरले. आणि दादासाहेब.

"मी बसनार," ते म्हणाले. "शब्द दिलाय इवायानं."

"दादासाहेब, वाकावं लागेल."

"ते बगू की."

बाकीचे तळाच्या फळ्यांवर बसले. दादासाहेब वरच्या आडव्या पाटावर बसले, ताठ. मी त्यांना खाली बसा म्हणालो. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. सुभेदार माझ्याकडे काकुळतीनं बघत होते, आता सोडा म्हणून. नाव सुटली.

काय सांगू, सुरेख चालली होती. शिडात वारा भरला, पाणी नावेच्या काठाला चुळुक चुळुक वाजायला लागलं. शेजारून तर येत होती, तीत बँड. नवरदेव हसत होता. माझी रेघ पाण्याच्या वर होती. मला वाटलं, झालं, पार पडलं.

मधोमध आल्यावर वारा फिरला. सुभेदारांच्या गळ्यातून पलटणीतला आवाज आला.

"वाका!"

आम्ही सगळे वाकलो. मीही वाकलो, सरकारी नोकर असूनही. दादासाहेब वाकले नाहीत. बूम आला. देवाची कृपा म्हणजे दांडा डोक्याला नाही, फेट्याला लागला. फेटा उडून कृष्णेत पडला. दादासाहेब तो धरायला उठले आणि फेट्याच्या मागोमाग तेही गेले.

खरा धोका त्याच्या पुढचा होता. 'दादा!' म्हणून सगळे एकाच बाजूला धावले. नाव कलंडली, काठ पाण्याशी आला, माझ्या बुटांत पाणी शिरलं. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. मी ओरडलो, "खाली बसा! झोपा! सगळे झोपा!" आणि सुभेदारांनी एकच केलं. शिडाची दोरी हातातून सोडून दिली. दोरी सोडली, की शिडातला वारा निघून जातो आणि नाव सावरते. शीड फडफडलं. नाव हळूच सरळ झाली. तेव्हा नवरदेवासकट सगळा वरपक्ष मुलीच्या बापासमोर पालथा पडलेला होता.

दादासाहेब झेंडू आणि आंब्याच्या डहाळ्यांत, भोपळ्यांच्या माळेला लटकून तरंगत होते. आम्ही त्यांना ओढून वर घेतलं. बँड थांबला होता. तरीतून आत्याबाईंचा आवाज तेवढा येत होता.

काठाला लागलो. वहिनी आरतीचं ताट आणि पाय धुवायचं घंगाळ घेऊन उभ्या होत्या. मांडवाच्या दारातून कमल बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नवरदेव तिच्याकडे बघायचा आणि बापाकडे बघायचा. दादासाहेब चिखलात उतरले, बोडके, चिंब, मिशा लोंबत्या. सुभेदार पुढे जाऊन काही बोलायच्या आत ते माझ्याकडे वळले.

"साहेब, तुमी नियमातलं मानूस. सांगा. ह्याची जबाबदारी कुनाची?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. सुभेदारांची म्हणालो, तर लग्न मोडत होतं. त्यांची म्हणालो, तरी मोडत होतं. वाऱ्याची म्हणावी, असं एकदा मनात आलं. पण मी दमलो होतो, भिजलो होतो आणि मला खोटं सुचेना.

"मालकानं हुकूम दिला नसता, तर मालकाची," मी म्हणालो. "त्यांनी दिला. मीही आधी सांगितलं होतं. तेव्हा जबाबदारी तुमची, दादासाहेब."

दादासाहेबांनी मिशी पिळली, तिच्यातून पाणी गळलं.

"माझी?"

"तुमची."

"म्हंजी मला कुनी वाकवलं न्हाई."

"नाही."

"आन् कुनी पाडलं बी न्हाई."

"नाही. तुम्ही आपणहून पडलात."

"मग ठीक हाय," दादासाहेब म्हणाले. "दुसऱ्या कुनाची असती, तर सोडली नसती. मी माझा पडलो. त्यात कुनाच्या बापाचं काय गेलं?" आणि त्यांनी वहिनींपुढे पाय केले. "धुवा."

वहिनींनी पायांकडे पाहिलं. पायांतून कृष्णेचं पाणी ओघळत होतं. "आवं पाव्हणं," त्या म्हणाल्या, "आता धुवायचं राह्यलंय काय?"

पहिल्यांदा हसले ते दादासाहेबच. मग बँडवाल्यांनी जो दणका दिला, तो मी अजून विसरलो नाही. मुहूर्त थोडक्यात हुकला, भटजी चरफडले, पण अक्षता पडल्या. कमल त्या दिवशी पोटभर जेवली असं वहिनींनी मला मुद्दाम सांगितलं. मीही जेवलो. बासुंदी उत्तम होती.

साहेबांना मी रिपोर्ट दिला, की आहेर हे भाडं नव्हे. भाडं दिलं, की संबंध संपतो. आहेर घेतला, की परत करावा लागतो, म्हणजे संबंध सुरू होतो. साहेब म्हणाले, "हे कायद्यात कुठं आहे?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग असू द्या." ठेकेदारानं तक्रार मागे घेतली होती, कारण मानकऱ्यांची गर्दी त्यालाच लाभली होती. खासगी नावेचा मालक मात्र पाहुण्यांना जबाबदार असतो, आठ म्हणजे आठच, हे मी सुभेदारांना लेखी कळवलं. त्यांनी ते फ्रेम करून घरात लावलं.

पुढच्या वर्षी मला पलीकडच्या गावातून बोलावणं आलं. एक नवी खासगी नाव तपासायची होती. शिडाची. मालक, दादासाहेब.

मी ढेपा मागवल्या, पट्टा ओढला, भोपळे बांधून घेतले. सगळं नियमात बसलं. "आता चालवून दाखवा," मी म्हणालो. दादासाहेब सुकाणूपाशी बसले. पहिला पाहुणा कोण, तर सुभेदार. त्यांना मुद्दाम वरच्या आडव्या पाटावर बसवलं होतं.

मधोमध आलो. वारा पडलेला होता. शीड हलतही नव्हतं.

"वाका!" दादासाहेब गरजले.

सुभेदार हसत हसत वाकले, चांगले गुडघ्यापर्यंत. दादासाहेबांनी त्यांना तसं बराच वेळ ठेवलं. मग तृप्त होऊन म्हणाले, "उठा."

खासगी नाव घेण्याची अनेक कारणं मी नोकरीत ऐकली. हवापालट, मासेमारी, पलीकडची शेती. हे कारण आमच्या कुठल्याही नियमात नव्हतं. मी नाव पास केली.